कर्करोगावरील पोटात घ्यावयाची औषधे : उपद्रव व सावधगिरी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील आरोग्यविषयक व्याख्यान)



संमेलनाच्या दिवशी, तेही भोजनोत्तर सभेत, कर्करोगासारखा विषय घेऊन उभे राहणे वक्त्याला फारसे सुखाचे नाही. या रोगाचे नावही सणासमारंभात उच्चारू नये असे आपल्यांपैकी कित्येकांस वाटते, आणि त्या भावनेचा मी अनादर करीत नाही. परंतु संस्थेच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे अलीकडे आलेले अर्ज चिटणीसांनी मला वाचावयास दिले, तेव्हा त्यांत एक बदल स्पष्ट दिसून आला. पूर्वी साहाय्य मागितले जाई ते शस्त्रक्रियेसाठी, किरणोपचारासाठी, अथवा परगावाहून मुंबईस येऊन राहण्याच्या खर्चासाठी. आता त्यांच्या जोडीला ‘दरमहाच्या गोळ्यांसाठी’ हे शब्द वारंवार येऊ लागले आहेत. याचा अर्थ असा की, आपल्या ज्ञातीतील अनेक घरांत आज कर्करोगावरचे औषध फडताळात ठेवलेले आहे, आणि ते वेळच्या वेळी देण्याचे काम सुनेकडे, मुलाकडे किंवा पत्नीकडे आलेले आहे. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

प्रारंभीच सांगतो की, मी डॉक्टर नव्हे. माझी नोकरीची सारी वर्षे रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे, औषधनिर्माता म्हणून गेली. डॉक्टरांसमोर जो प्रश्न विचारण्यास घरचा माणूस संकोचतो, तो प्रश्न तो पुष्कळदा या खिडकीपाशी, पैसे मोजता मोजता, अर्धवट आवाजात विचारतो. त्या प्रश्नांतूनच हे व्याख्यान तयार झाले आहे. माझे एखादे विधान आपल्या डॉक्टरांच्या सूचनेशी विसंगत वाटले, तर सूचना त्यांचीच पाळावी. रोग्याचे वय, त्याच्या यकृताची व मूत्रपिंडांची अवस्था, त्याची इतर औषधे ही त्यांना ठाऊक असतात. मला ती ठाऊक नाहीत.

शिरेतून देण्याच्या औषधाभोवती रुग्णालयात मोठा पहारा असतो. त्या दिवशी आधी रक्ताचा अहवाल पाहतात, वजन घेतात, ताप आहे का ते तपासतात. पांढऱ्या पेशी कमी दिसल्या तर रोग्यास त्या दिवशी परतही पाठवितात. गोळीचे तसे नाही. महिन्याची पाकिटे एकदा पिशवीत घालून घरी आणली की, रोज सकाळी ती गोळी देण्यापूर्वी ‘आज द्यावी की न द्यावी’ हे विचारणारे तेथे कोणीच नसते. रुग्णालयाचा पहारा घरच्या माणसांकडे येतो, पण पहाऱ्याचे नियम मात्र त्यांना बहुधा कोणी पुरते समजावून दिलेले नसतात. त्यातच एक समजूत आपल्यांत दृढ आहे की, सुई म्हणजे कडक औषध आणि गोळी म्हणजे सौम्य औषध. ताप-सर्दीच्या बाबतीत ती एक वेळ चालून जाते. येथे ती घातक ठरते.

कॅपेसिटाबीन या गोळीचे उदाहरण घ्या. मोठ्या आतड्याच्या, जठराच्या व स्तनाच्या कर्करोगात ती फार वापरली जाते. १९५७ साली हायडेलबर्गर या अमेरिकन शास्त्रज्ञाने फ्लुओरोयुरॅसिल नावाचे औषध प्रसिद्ध केले. ते शिरेतून द्यावे लागे, व आजही दिले जाते. कॅपेसिटाबीन ही गोळी पोटात गेल्यावर शरीर तिचे रूपांतर याच औषधात करते. १९९८ पासून ती प्रचारात आहे. म्हणजे बाटली व नळी गेली, औषध मात्र तेच राहिले. सामान्यतः ती दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर, चौदा दिवस घेतात आणि पुढचे सात दिवस थांबतात. किती गोळ्या घ्यावयाच्या हे रोग्याच्या उंची-वजनावरून ठरते; म्हणून शेजारच्या रोग्याच्या तीन व आपल्या चार असे दिसले तर कोणाची चूक झाली असे समजू नये. सात दिवसांचा खंड हाही उपचाराचाच भाग आहे. ‘चुकलेल्या गोळ्या खंडाच्या आठवड्यात भरून काढल्या’ असे मोठ्या प्रामाणिकपणे सांगणारे रोगी मी पाहिले आहेत. तसे मुळीच करू नये. चुकलेली गोळी चुकली. पुढची तिच्या वेळेस घ्यावी, दुप्पट घेऊ नये. गोळीनंतर उलटी झाली तरी ती गोळी पुन्हा देऊ नये. झाले ते लिहून ठेवावे व डॉक्टरांस कळवावे.

या गोळीचा सर्वांत परिचित उपद्रव तळहात व तळपाय यांना होतो. प्रथम मुंग्या येतात, मग लाली, मग आग, कातडी सोलणे, आणि दुर्लक्ष केल्यास फोड. निम्म्याच्या आसपास रोग्यांना तो कमीअधिक प्रमाणात होतो. कढत पाण्याने भांडी घासणे, धुणे आपटणे, घट्ट चपला, दूरवर अनवाणी चालणे यांनी तो वाढतो. अनवाणी देवदर्शनाचा नवस असेल तर तो उपचार संपल्यावर फेडावा. साधे मलम किंवा खोबरेल तेल हातापायांस दिवसातून अनेक वेळा हलक्या हाताने लावावे, चोळू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०२४ साली एक उपयुक्त प्रयोग प्रसिद्ध केला. २६४ रोग्यांपैकी ज्यांनी हातांस डायक्लोफेनॅकचे मलम नियमित लावले, त्यांच्यांत हा त्रास मध्यम किंवा तीव्र स्वरूपात ३.८ टक्क्यांना झाला. ज्यांनी साधे मलम लावले, त्यांच्यांत १५ टक्क्यांना. दुखऱ्या गुडघ्याला चोळण्याचे, प्रत्येक घरात असणारे हे स्वस्त मलम आहे. तरीही आपल्या डॉक्टरांस विचारूनच ते सुरू करावे, आणि याच औषधाच्या वेदनाशामक गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत.

या संदर्भात एक चमत्कारिक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २००८ च्या डिसेंबरात सिंगापूरचे एक ६२ वर्षांचे गृहस्थ नातलगांस भेटण्यासाठी अमेरिकेस गेले असता विमानतळावरील अधिकाऱ्यांनी त्यांना चार तास अडकवून ठेवले, कारण त्यांच्या बोटांचे ठसेच उमटेनात. दीर्घकाळ कॅपेसिटाबीन घेतल्यामुळे बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांच्या डॉक्टरांनी हा प्रसंग वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपल्याकडे अमेरिकेस जाणे लांबच राहिले, शिधावाटप दुकानातही अंगठा लागतो. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आधारसाठी डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटविण्याची सोय आहे, आणि हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्यावरून पटविण्याचीही आहे. तेव्हा अंगठा न उमटल्यास त्रागा न करता ती सोय मागावी, आणि डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे.

हातापायांचा त्रास वेदनादायक खरा, पण जिवावर बेतणारा उपद्रव निराळाच आहे, आणि त्याची कोणाला लाज वाटते तर कोणाला तो क्षुल्लक वाटतो. तो म्हणजे जुलाब. नेहमीपेक्षा दिवसाकाठी चार किंवा अधिक शौचे जास्त होऊ लागली, अथवा रात्री झोपेतून उठून जावे लागले, तर पुढची गोळी देऊ नये आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयास कळवावे. ‘औषध महागाचे आहे, दोन दिवस पाहू’ हा विचार येथे करावयाचा नाही. तोच नियम तोंड इतके सोलवटले की पेजही गिळवत नाही अशा वेळी, एका दिवसात वारंवार उलट्या झाल्या असता, छातीत दुखू लागले असता, आणि ताप १००.४ अंशांवर गेला असता. ताप आल्यावर पॅरासिटामॉल देऊन तो उतरवून ठेवणे हा उपाय नव्हे. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप हीच शरीराची एकमेव हाक असू शकते, आणि ती दाबली तर डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. मीठ-साखरेचे पाणी अवश्य सुरू करावे, पण फोन करता करता.

काही थोड्या माणसांच्या शरीरात हे औषध नाहीसे करणारे विकर जन्मतःच अपुरे असते. त्यांना नेहमीची मात्राही पहिल्याच आठवड्यात असह्य होते. रक्ताच्या तपासणीने हे आधी कळू शकते. युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेने २०२० साली उपचारापूर्वी ही तपासणी करावी अशी शिफारस केली. पहिली गोळी घेण्यापूर्वी ‘अशी तपासणी आमच्या रोग्यास हवी काय?’ एवढे डॉक्टरांस विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

आता याच्या नेमके उलट असलेले औषध पाहा. रक्ताच्या कर्करोगाचा एक संथ प्रकार आहे. त्यात पांढऱ्या पेशींची बेसुमार वाढ होते व प्लीहा वाढते. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे नॉवेल व हंगरफोर्ड यांना या रोग्यांच्या पेशींत एक खुजे गुणसूत्र आढळले. १९७३ साली जॅनेट राउली या विदुषीने दाखविले की, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी गेल्याने ते तसे दिसते. त्या अदलाबदलीतून जे घातक प्रथिन निर्माण होते, त्यालाच अडविणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली मान्य झाली. पूर्वी ज्या रोगात वर्षे मोजली जात, त्यात आज माणसे मुलांची लग्ने करतात, नातवंडे खेळवितात. या औषधाच्या मूळ मोठ्या चाचणीतील रोग्यांपैकी दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के हयात होते. आपल्या देशात ही गोळी सामान्यांच्या आवाक्यात राहिली, यात १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचाही वाटा आहे. इमॅटिनिबच्या एका नव्या स्फटिकरूपासाठी मागितलेला एकाधिकार त्या निकालाने नाकारला.

या गोळीचे उपद्रव बहुधा सोसण्याजोगे असतात : सकाळी डोळ्यांभोवती सूज, पोटऱ्यांत गोळे येणे, मळमळ, अंगावर पुरळ. जेवणाबरोबर व मोठा पेलाभर पाण्याबरोबर घेतल्याने मळमळ पुष्कळ कमी होते. वजन आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर पाहावे. ते एकाएकी वाढले, धाप लागू लागली, तर अंगात पाणी साठत असेल, तेव्हा कळवावे. कित्येक रोग्यांची त्वचा या औषधाने उजळते, क्वचित पांढुरके डाग दिसतात. ते कोड समजून घरात घबराट होते, विशेषतः रोगी उपवर मुलगी असेल तर. परस्पर लेप लावण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावे. पुष्कळदा तो केवळ औषधाचाच परिणाम असतो.

खरा धोका निराळा आहे. काही महिन्यांत रक्त सुधारते, प्लीहा बसते, माणूस कामाला लागतो, आणि मग वाटते की, बऱ्या झालेल्या माणसाने रोज गोळी का घ्यावी? लंडनमधील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी या रोग्यांस नेहमी सांगत असे. त्यांनी ८७ रोग्यांच्या औषधाच्या बाटलीच्या टोपणात एक सूक्ष्म यंत्र बसविले. बाटली केव्हा उघडली याची नोंद ते यंत्र आपोआप ठेवी. ज्यांनी ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यांत रोगाचा मागमूस रक्तात एक-सहस्रांशाइतका खाली येण्याचे सहा वर्षांतील प्रमाण ९४.५ टक्के होते. ज्यांनी ९० टक्के किंवा कमी घेतल्या, त्यांच्यांत ते २८.४ टक्के. गणित करून पाहा : नव्वद टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकणे. एका लग्नाला परगावी गेलो, एकदा पाकीट संपले, एकदा कंटाळा केला, इतकेच. दिवसाआड गोळी घेऊन पैसे वाचविणाऱ्यांची गणना कोठे होईल हे मी सांगावयास नको. पैशाची अडचण असेल तर ती रुग्णालयातील समाजसेवकांस, किंवा आपल्या निधीच्या चिटणीसांस सांगावी; गोळीस सांगू नये. काही रोग्यांची गोळी अनेक वर्षांच्या उत्तम परिणामानंतर डॉक्टर स्वतः थांबवितात हे खरे. परंतु त्यानंतर ते वारंवार रक्ततपासणी करीत राहतात, आणि रोग परतताना दिसला तर औषध पुन्हा सुरू करतात. ती थांबविणे निराळे व आपण थांबविणे निराळे.

एका घरात कॅपेसिटाबीन असते, दुसऱ्या घरात इमॅटिनिब; दोन्ही घरे एकमेकांची नातलग, आणि ‘आमच्याकडे त्रास झाला तेव्हा आम्ही बंद केली, काही झाले नाही’ हा सल्ला एका घरातून दुसऱ्या घरात जातो. ज्या गोळीचा त्रास अंगावर काढावयाचा नाही ती अंगावर काढली जाते, आणि जी रोज घ्यावयाची ती बंद होते. आपल्या गोळीचे नाव व तिचा नियम पाठ असल्याखेरीज दुसऱ्याचा अनुभव ऐकूच नये, असे मी म्हणेन.

हे नाव पाठ असण्यातच आपल्या समाजात मोठी अडचण आहे, आणि आज मी तिच्याविषयी थोडे स्पष्ट बोलणार आहे. रोग्यास रोगाचे नाव सांगू नये, आणि व्याह्याविहिणींस, शेजाऱ्यांस तर मुळीच कळू नये, अशी आपली रीत. त्यासाठी गोळ्या पाकिटांतून काढून दुसऱ्या बाटलीत भरल्या जातात, कागद फाडून टाकले जातात. माझ्या माहितीतील एका कुटुंबात आईला ‘या पित्ताच्या गोळ्या आहेत’ असे सांगितले होते. मुलांचा हेतू प्रेमाचाच होता. आई शहाणी व काटकसरी. पित्ताच्या गोळ्या पित्त झाल्यावरच घ्यावयाच्या, हे तिचे तर्कशास्त्र बिनचूक होते. तिने त्या तशाच, छातीत जळजळले की घेतल्या. तीन महिन्यांनी तपासणीत रोग वाढलेला दिसला तेव्हा डॉक्टर औषध बदलण्याच्या विचारात होते; बाटलीत उरलेल्या गोळ्या धाकट्या मुलीने मोजल्या म्हणून खरा प्रकार उघडकीस आला. दुसऱ्या एका घरी पाहुण्यांपुढे नको म्हणून गोळ्या आठवडाभर माळ्यावरच राहिल्या. वधूवर सूचक मंडळाच्या कामात मीही काही वर्षे आहे, आणि घरात कर्करोगाचा रोगी आहे एवढ्यावरून स्थळ परत जाते हे मी पाहिले आहे. म्हणून लपविणाऱ्यांस मी दोष देत नाही. दोष द्यावयाचा तर तो स्थळ परत पाठविणाऱ्यांस द्यावा लागेल. हा रोग स्पर्शाने होत नाही, आणि बहुसंख्य रोग्यांत तो पिढीजातही नसतो. वर सांगितलेल्या रक्ताच्या रोगातील गुणसूत्रांचा बदल तर आईबापांकडून येत नाही व मुलांकडे जात नाही. जगास सांगा अथवा न सांगा; जो गोळी गिळतो त्याला ती कशाची आहे हे कळलेच पाहिजे, आणि घरातील आणखी दोन माणसांना तिचे नाव लिहिता आले पाहिजे. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात.

खाण्यापिण्याविषयी प्रश्न सर्वांत अधिक येतात. कॅपेसिटाबीन व इमॅटिनिब अन्नाबरोबर घ्यावयाच्या; तेव्हा निर्जळी एकादशी उपचारकाळात नको. साबुदाण्याची खिचडी हेही अन्नच आहे, तिच्यानंतर गोळी घेता येते. फक्त तोंड आलेले असता मिरची घालू नये. याउलट पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगातील अ‍ॅबिराटेरोन ही गोळी सामान्यतः रिकाम्या पोटीच घ्यावयाची असते, जेवणानंतर दोन तासांनी व पुढील खाण्याच्या एक तास आधी. भरपेट तुपकट जेवणाबरोबर घेतली तर ती रक्तात कित्येक पटींनी अधिक उतरते. तिच्याबरोबर दिलेली स्टेरॉइडची गोळी मात्र वगळू नये, कारण रक्तदाब व पोटॅशियम सांभाळण्यासाठी ती दिलेली असते. ग्रेपफ्रूट नावाचे फळ इमॅटिनिबसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढविते. ते आपल्याकडे फारसे कोणी खात नाही. परंतु पपनस हे त्याच्या जनकांपैकी एक, व त्याच गुणाचे. गणपतीच्या दिवसांत कोकणातून पपनस आले तर ते नैवेद्यापुरते ठेवावे.

काढे, चूर्णे व ‘शक्तीची’ औषधे यांविषयी माझे मत ऐकून काही मंडळी नाराज होतील. भाजीत घातलेल्या हळदीस कोणाची हरकत नाही. हळदीच्या अर्काच्या गोळ्या ही निराळी गोष्ट आहे. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचे निवेदन प्रसिद्ध केले. त्यावर वाद झाला, तो मला ठाऊक आहे. पण ज्याच्या यकृतावर आधीच कर्करोगाच्या गोळीचा भार आहे, त्याच्यावर या वादाचा निकाल आजमावून पाहण्याचे कारण नाही. जीवनसत्त्वेही निरुपद्रवीच असतात असे नाही. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यास फॉलिक अ‍ॅसिड मुद्दाम देतात, कारण ते उपद्रव कमी करते. तेच फॉलिक अ‍ॅसिड मोठ्या मात्रेत कॅपेसिटाबीनबरोबर घेतले तर उपद्रव वाढतो. शिवाय हृदयविकारासाठी वॉरफरिन, फिटांसाठी फेनिटॉइन, क्षयासाठी रिफॅम्पिसिन घेणाऱ्यांनी ते प्रत्येक डॉक्टरांस सांगितलेच पाहिजे. कॅपेसिटाबीनबरोबर वॉरफरिनने रक्तस्राव होऊ शकतो, आणि रिफॅम्पिसिन इमॅटिनिबचे बळ बरेच घटविते.

मेथोट्रेक्सेटचे नाव निघालेच आहे, तर एक इशारा. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके, मान व तोंड यांच्या पसरलेल्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांचा उपयोग सिद्ध केला. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या देशाला ती मोठी देणगी आहे. पण त्यांतील सेलेकॉक्सिब रोज घ्यावयाची असते आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ती रोज घेतली गेल्याने जीव गेल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत. पाकिटावर वाराचे नाव, ‘फक्त गुरुवार’ असे, मोठ्या अक्षरांत लिहावे.

स्तनाच्या कर्करोगातील टॅमॉक्सिफेन पाच वर्षे, कधी दहा वर्षे घ्यावी लागते. अंगाची लाही होणे व घाम हा तिचा त्रास भगिनी मुकाट्याने सोसतात किंवा मुकाट्याने गोळी सोडतात. दोन्ही टाळावे, त्यावर उपाय आहेत. मात्र निद्रा-उदासीनतेसाठी कोणाकडून पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन लिहून घेऊ नये, कारण ती टॅमॉक्सिफेनचे कार्य रोखतात. पाळी गेलेल्या स्त्रीस पुन्हा रक्तस्राव दिसला, एका पोटरीवर सूज आली, किंवा एकाएकी दम लागला, तर त्याच दिवशी दाखवावे.

गोळी हाताळण्याविषयी थोडेसे. रोग्याने स्वतः घ्यावी व नंतर हात धुवावेत. दुसऱ्याने द्यावयाची असेल तर हातमोजे घालावेत, अथवा पाकिटातून थेट वाटीत पाडावी. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने तिला हात लावू नये. खलबत्त्यात कुटू नये, विळीवर अर्धी करू नये. गिळवत नसेल तर विचारावे. इमॅटिनिब पाण्यात विरघळवून घेण्याची सोय तिच्या पत्रकातच सांगितलेली आहे, कॅपेसिटाबीनला ती नाही. रोग्याचे उलटी-मलमूत्राने भिजलेले कपडे निराळे धुवावेत, शौचकूपात झाकण लावून दोनदा पाणी सोडावे. रोग्याजवळ बसणे, जेवणे, नातवंडाने त्याच्या मांडीवर खेळणे, यांत काहीही वावगे नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण सावधगिरीच्या नावाखाली रोग्याचे ताट वेगळे केलेलेही मी पाहिले आहे.

रोगी दगावला किंवा औषध बदलले की गोळ्या उरतात. हजारो रुपयांच्या त्या गोळ्या दुसऱ्या गरजूस द्याव्यात असे कोणत्याही भल्या माणसास वाटते, आणि आपल्या निधीकडे तशा पुड्या येतातही. चिटणीसांनी त्या कृपया वाटू नयेत. मात्रा निराळी, मुदत उलटलेली, साठवण कशी झाली हे ठाऊक नाही. त्या गटारात किंवा कचऱ्यातही टाकू नयेत. ज्या रुग्णालयाने दिल्या तेथील औषधविभागाकडे नेऊन द्याव्यात.

एका साध्या वहीची मात्र मी शिफारस करतो. पहिल्या पानावर औषधाचे नाव, मात्रा, घेण्याची वेळ, इतर सर्व औषधे, आणि रात्री-अपरात्री लागणारा रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक. पुढे रोज एक ओळ : गोळी घेतली की नाही, ताप, शौचाची संख्या, तोंड, हातपाय, आणि आठवड्यातून एकदा वजन. डॉक्टर विचारतात, ‘त्रास काय होतो?’ तेव्हा भिडस्त रोगी म्हणतो, ‘काही नाही’, आणि घरचा माणूस गोंधळतो. त्या वेळी ही वही पुढे करावी. प्रवासास जाताना ती गोळ्यांबरोबर हातातील पिशवीत असावी, ट्रंकेत नको. अशा पानाचा एक नमुना मी चिटणीसांकडे दिला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी तो कार्यालयातून न्यावा, नाव सांगण्याची आवश्यकता नाही. अध्यक्षमहाशयांनी प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे दिली आहेत. ज्यांना सभेत विचारणे प्रशस्त वाटत नसेल त्यांच्यासाठी चहापानाच्या वेळी मी मागच्या दालनात बसलेला आहे.